आमचे सेंटर फॉरवर्ड

लग्न होऊन मी नागपूरहून जबलपुरात आले, तेव्हा मुलगा सरकारी कारखान्यात मशीनवर आहे एवढंच मला सांगितलं होतं. तो कारखान्याच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड आहे, हे सगळ्यांनी लपवून ठेवलं. पहिल्याच रविवारी सासूबाई मला मैदानावर घेऊन गेल्या. आमच्या ह्यांनी दोन गोल केले. बाकीचे दहा जण कमरेवर हात ठेवून बघत होते, कारण ह्यांच्या पायात गेलेला बॉल दुसऱ्या कोणाला मिळायची सोयच नव्हती. त्यांच्यातला एक जण मला हसत म्हणाला, "भाभीजी, भैया को बॉल मिला तो समझो हम लोगों की छुट्टी!"

मग पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. कारखान्यात डबल पाळ्या लागल्या. खिडक्यांना काळे कागद चिकटले. विमानं आलीच तर लपायला म्हणून क्वार्टरांसमोरच्या मैदानात खंदक खणले, त्यातला एक बरोबर गोलच्या मागे. एका संध्याकाळी हे पाळीवरून आले ते चहाही न घेता थेट प्रॅक्टिसला गेले. बॉल घेऊन असे काही सुटले, की गोलकीपर, गोल आणि जमीन, तिघांनाही मागे टाकून खंदकात पोचले. सगळे धावत गेले. आतून पहिला प्रश्न आला, "गोल झाला ना?"

गोल झाला होता, पण गुडघाही गेला होता. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, चालाल व्यवस्थित, पण फुटबॉल विसरा. त्यानंतर हे खाटेवर पडून नुसते छताकडे बघत राहायचे. चिडले असते, रडले असते, तर मला समजूत तरी घालता आली असती.

शेवटी टीम बघणारे कारखान्याचे साहेब घरी आले. म्हणाले, "खेल नहीं सकते तो खिलाओ. आज से तुम कोच."

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात फुटबॉल आला. पाटावर बटाटे म्हणजे आपली टीम, कांदे म्हणजे रेल्वेची टीम आणि लिंबू म्हणजे बॉल. भाजी चिरायला घेतली की हे ओरडायचे, "अगं, तो लेफ्ट बॅक आहे!" मी बघून राहिले होते, लिंबू फिरून फिरून एकाच बटाट्याकडे यायचं.

"अहो, हा मोठा बटाटा कोण?" मी विचारलं.

"सेंटर फॉरवर्ड."

"मग बाकीचे बटाटे काहून ठेवले? त्यांची भाजी करून टाकू का?"

हे रागावले. पण जेवण झाल्यावर लिंबू हळूच दुसऱ्या बटाट्याकडे सरकवलेलं मी पाहिलं.

रेल्वेविरुद्धच्या मॅचला हे प्लास्टरसकट लाईनबाहेर खुर्चीवर बसले. शेजारी पांढरीशुभ्र पँट घातलेले साहेब. ह्यांच्या जागी खेळायला लेथवरचा एक गरीब स्वभावाचा मुलगा होता. ह्यांनी समजवायचं ते सगळं समजावलं होतं, पण खेळ सुरू झाला आणि जुनी सवय उसळली. "इधर दे! मुझे दे!" हे ओरडले. त्या आज्ञाधारक मुलाने समोरचा मोकळा गोल सोडून बॉल खरोखरच ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी बसल्या जागेवरून चांगल्या पायाने तो हाणला आणि खुर्चीसकट उताणे पडले. रेफरीला शिट्टी वाजवायचं सुचेना, इतका तो हसत होता. तेवढ्यात गडबडीत रेल्वेने एक गोल करून घेतला.

मध्यंतरात मी उठून ह्यांच्या खुर्चीपाशी गेले. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेली दोन विड्याची पानं माझ्याजवळ होती. दोन्ही एकदम ह्यांच्या तोंडात कोंबली. "आता बोलायचं नाही. नुसतं बघायचं."

आणि खरंच, दोन्ही गाल फुगवून हे गप्प बसले. मान मात्र इकडून तिकडे फिरत होती. ओरडणारं कोणी नाही म्हटल्यावर पोरं आपापसात पास द्यायला लागली. रेल्वेचा एक गोल फिटला. मग शेवटी शेवटी त्या लेथवाल्या मुलाकडे बॉल आला. समोर दोघे आडवे होते. त्याने स्वतः न मारता बाजूच्याला दिला, आणि बाजूच्याने गोल केला.

हे कुबडी फेकून उभेच राहिले. "अरे, क्या पास दिया!" एवढ्या जोराने ओरडले, की दोन्ही पानं साहेबांच्या पांढऱ्या पँटवर गेली.

 आता ह्यांच्या नोकरीचं काय होतं, असं मला झालं. साहेबांनी पँटकडे पाहिलं, मग मैदानाकडे. पोरं त्या लेथवाल्याला खांद्यावर घेऊन नाचत होती. साहेब म्हणाले, "चलो, कोई बात नहीं. अगले मैच में खाकी पहनकर आऊँगा."

कोचगिरी हे पुढे निवृत्त होईपर्यंत करत राहिले. गुडघा थंडीत कुरकुरायचा. मी तेल चोळायला बसले, की मला मैदानावरच्या सगळ्या बातम्या कळायच्या: कोणाचा डावा पाय तयार होतोय, कोण बॉल सोडत नाही. न सोडणाऱ्यांवर ह्यांचा भारी राग!