मागून हॉर्न वाजला की

आमच्या नव्या बैलाला मागून हॉर्न वाजलेला सोसायचा नाही. तो घाबरायचा नाही, पळायचा. हॉर्न ऐकला की त्याचे कान मागं जायचे, शेपटी वर व्हायची, आणि गाडीत गूळ आहे का माणसं आहेत हे न बघता तो सुटायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. आमचं गाव साताऱ्याहून कराडला जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला. मालक मिलिटरीत होते, सासऱ्यांचे गुडघे धरलेले, म्हणून बैलगाडी मी हाकायचे आणि सासरे मागं बसून हुकूम सोडायचे. त्यांना मी मामा म्हणायचे. गावातल्या बायका मला नावं ठेवायच्या. त्यांना गाडी हाकता येत नव्हती आणि मला येत होती, एवढंच त्याचं कारण.

जोडीतला डावीकडचा बैल म्हातारा होऊन मेला, तेव्हा मामा सांगलीच्या पलीकडच्या दुष्काळी भागातल्या जनावरांच्या बाजारात गेले आणि पांढराशुभ्र खिलार घेऊन आले. विकणाऱ्यानं त्यांना खरं सांगितलं होतं. "पाव्हणं, मागनं कोनबी येऊ द्या, ह्यो त्याला म्होरं जाऊ देत न्हाई." मामांना ती बैलाची तारीफ वाटली. घरी आल्यावर त्यांनी ती सासूबाईंना दोनदा ऐकवली. पुढं त्याच भागातला एक पाहुणा आला, त्यानं बैल बघितला आणि हसायलाच लागला. म्हणाला, ह्यो शर्यतीचा बैल. शर्यतीत मागनं फटफटीवर माणूस बसवून हॉर्न वाजवत न्यायचे, त्यावर ह्याला तयार केलाय.

मामांनी बैलाचे दात बघितले, खूर बघितले, शिंगं बघितली. त्यानं आजवर केलं काय, हे काही विचारलं नाही.

जोडीतला दुसरा घरचा तांबडा. त्याच्या कानाशी तोफ उडवली असती तरी त्यानं आधी रवंथ पूर्ण केला असता. एका जुवाखाली एक पळणारा आणि एक न पळणारा. खिलार डावीकडं होता. तो पुढं ओढायचा, तांबडा जागच्या जागी, त्यामुळं गाडीचं तोंड उजवीकडं फिरायचं, म्हणजे नेमकं रस्त्याच्या मधोमध.

आणि रस्ता तरी केवढा! समोरासमोर दोन मोटारी कशाबशा जातील एवढा. त्याच्यावरच ट्रक, एसटी, उसाच्या गाड्या, सायकलवाले, मेंढरं. ज्याला त्याला आपली चाल तेवढी बरोबर वाटायची, बाकीचे एक तर उगीच घाई करणारे नाही तर वाट अडवणारे. ट्रकच्या पाठीवर हॉर्न वाजवा म्हणून लिहिलेलं असायचं. आमच्या गाडीच्या पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं, तरी सगळे वाजवायचे.

एकदा गुळाच्या ढेपा घेऊन कराडला निघालो होतो. मागून ट्रक आला आणि अगदी गाडीला चिकटला. वाजवला त्यानं भोंगा. खिलार सुटला, गाडी गर्रकन उजवीकडं वळली आणि ट्रकच्या तोंडासमोर आडवी उभी राहिली. ट्रकवाल्यानं ब्रेक मारले ते नशीब. एक ढेप खाली पडून फुटली.

ड्रायव्हर उतरून आला. "आवं बाई, बैल आवरा की! मरायचं हाय का?"

मामा गाडीतनंच ओरडले, "तू भोंगा कशापायी वाजवतोस रं? आमी काय भैरं हाय?"

"न वाजवता म्होरं कसा जाऊ आजोबा? तुमच्या डोक्यावरनं?"

बोलता बोलता त्यानं फुटलेल्या ढेपेतला एक खडा उचलून तोंडात टाकला. "गूळ मातर लय चांगला हाय," म्हणाला आणि गेला.

  रात्री जेवताना मामा म्हणाले, "कराडच्या येत्या बाजारात त्येला इकून टाकायचा. बास झालं."

मला ते नको होतं. बैलाचा लळा वगैरे लागला नव्हता. लळा लावायला वेळ कुणाला होता? पण लग्न होऊन आल्यापासून मी सगळ्यांच्या मागनंच चालत होते. सासूबाईंच्या मागं, म्हशीच्या मागं, डोक्यावर पाटी घेऊन बांधानं. त्या बैलामुळं पहिल्यांदा तोंडावर वारा लागला. पदर डोक्यावर राहीना. मला ते आवडलं. तांबड्यासारखाच आणखी एक बैल आला असता तर मी जन्मभर पावलं मोजत कराडला गेले असते.

बाजाराच्या आधी एक दिवस मी रानातून गाडी घेऊन येत होते. पाणंदीत मागून सायकलवरचा गारेगारवाला आला. त्याचा तो रबरी भोंगा, पों पों. खिलार सुटला आणि गाडी उजवीकडच्या निवडुंगात घुसली. काटे काढत बसले होते तेव्हा डोक्यात आलं, हा सरळ पळतच नाही. दर वेळी उजवीकडंच फिरवतो. मग हाच उजवीकडं जुंपला तर गाडी डावीकडं फिरेल. म्हणजे रस्ता सोडून साइडपट्टीवर. मागचा गेला तर जाईना का खुशाल.

सकाळी मी तसंच जुंपायला लागले. मामा काठी टेकत आले. "आगं, डाव्या अंगाचा बैल उजव्या अंगाला कधी चालल का? खुळी झालीस व्हय?"

"आवं, इकायचाच हाय न्हवं? मग आजच्या दिवस चालू द्या की उजवीकडनं. बिघडलं तर बाजारवाल्याचं बिघडंल."

 मामा गाडीत बसले, दोन्ही हातांनी गाडीच्या साट्याची कड घट्ट धरून.

दोन्ही बैल सुरुवातीला अडखळले. तांबडा तर आपल्या जागेवर दुसरा कोण आला म्हणून सारखा मान वळवून बघत होता. हायवेला लागलो आणि थोड्याच वेळात मागून एसटी आली. बाजाराचा दिवस, गाडी माणसांनी फुगलेली, टपावर कोंबड्यांच्या डालग्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मामांनी डोळे मिटले.

खिलार सुटला आणि गाडी सुरेख वळली, डावीकडं, थेट झाडांखालच्या साइडपट्टीवर. चाकं धुळीत धडधडली, एसटी शेजारून निघून गेली. मी कासरा ओढून बैल परत रस्त्यावर घेतले.

"झालं?" मामांनी डोळे मिटलेलेच.

"झालं. उघडा डोळे."

पण खिलारचं झालं नव्हतं. मागनं आलेला पुढं गेला, हे त्याला मान्य नव्हतं. तो एसटीच्या मागं लागला. तांबड्यालाही पळावं लागलं. जू एकच, करतो काय? पुढच्या फाट्यावर एसटी थांबली. डालग्या उतरवायच्या, पाट्या चढवायच्या, कुणाचं तरी सुट्ट्या पैशांवरून भांडण. तेवढ्यात आम्ही तिच्या शेजारून पुढं.

जरा वेळानं परत मागून हॉर्न, परत आम्ही डावीकडं, परत एसटी पुढं. आणि पुढच्या थांब्यावर परत आम्ही पुढं. आता खिडक्या-खिडक्यांतून माणसं बाहेर लोंबायला लागली. एक म्हातारी ओरडली, "मारा गं बाई, मारा म्होरं!" ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "आजोबा, पैज लावली का काय?"

मामांनी गाडीचा साटा केव्हा सोडला मला कळलं नाही. वळून बघते तर गुडघ्यांवर उभे, पटका सुटून खांद्यावर आलेला. "आवं डायवर, तुमच्या गाडीला चारा कमी पडला का?"

सगळी एसटी हसली. मीही हसत होते. तोंडात धूळ गेली तरी तोंड मिटेना.

मग कोयनेचा पूल आला आणि माझं हसू थांबलं. पुलावर साइडपट्टी नाही. डावीकडं कठडा, कठड्याच्या पलीकडं नदी. आम्ही पुढं होतो, एसटी अगदी पाठीला, आणि समोरून उसाच्या गाड्या येत होत्या, म्हणजे तिला पुढं जायला वाटही नाही. आता तिथं हॉर्न वाजला असता तर आम्ही कठड्यावर आपटलो असतो.

मी उभी राहिले. कासरा एका हातात धरला, मागं वळले आणि दुसरा हात वर करून ड्रायव्हरला दाखवला. थांबा. मग कानाकडं बोट केलं, बैलाकडं केलं. ओरडून उपयोग नव्हता.

त्यानं स्टिअरिंगवरचा एक हात उचलून बरं म्हणून खूण केली.

पूल संपेपर्यंत एसटी आमच्या मागनं बैलाच्या चालीनं आली. मागनं मोटारी खोळंबल्या असतील, पण एसटीच्या अंगाआडून त्यांचं काही चालेना. कंडक्टर दारात उभा राहून मागच्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून हातानं दटावत होता. खिलारचे कान मात्र सबंध वेळ मागं. हॉर्न कसा वाजत नाही, याचं त्याला नवल वाटत असावं. मामा माझ्या पाठीशी हळूच म्हणाले, "पोरी, सरळ बघ. सरळ बघ." ओरडले नाहीत.

पूल संपला, कडेला मोकळी जमीन आली, आणि त्या ड्रायव्हरनं मुद्दाम, मजेनं, लांबलचक हॉर्न दिला. खिलार सुटला, गाडी डावीकडं धुळीत, आणि एसटी शेजारून गेली तेव्हा आतली सगळी माणसं हात हलवत होती. आता नातवाच्या मोटारीत बसते, मागचा असा चिकटला की तो शिव्या देतो. मी त्याला सांगते, कडेला घे आणि जाऊ दे. तो ऐकत नाही, खिलारसारखाच आहे.

बाजारात पोचलो तर बैलाची बातमी आमच्या आधी पोचलेली. एसटीतले लोक येऊन बघायला लागले. एक बागायतदार खिलारच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "काय सांगता ह्याचं?"

मामा म्हणाले, "इकायचा न्हाई."

"मग बाजारात कशाला आणलाय?"

"च्या प्यायला."

चहाच्या टपरीवर मामांनी जमलेल्या लोकांना बाजू बदलायची युक्ती समजावून सांगितली. "म्या म्हटलं, डावीकडचा उजवीकडं घेऊन बघू."

मी गाडीवरनं म्हणाले, "तुमी न्हाई, मी म्हटलं."

"त्येच की गं. घर एकच हाय." आणि माझ्यासाठी गरम भजी पाठवली, तीही पानभर.

परत येताना उन्हं उतरली होती आणि रस्ता रिकामा होता. बैल आपले शहाण्यासारखे चालत होते. खिलार मधूनमधून कान मागं करायचा, काही ऐकू आलं नाही की परत पुढं. मामाही सारखे मागं वळून बघत होते.

"काय बघताय?" मी विचारलं.

"काय न्हाई," ते म्हणाले. जरा वेळानं परत वळले. "परतीची एसटी ह्याच वक्ताला असती न्हवं?"