डब्यांतली माणसं

काका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कल्याणच्या शाळेत सहावीच्या वह्या तपासत बसले होते. चुलतभाऊ फोनवर एवढंच म्हणाला, सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागी गेले... पंधरवडा झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण काकांचं नाव काढलं की पुराची गोष्ट सांगतो. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून ती मीच लिहून ठेवते.

दत्ताकाका भिवंडीतल्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे कापड विणायचे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. हात आठवडाभर ग्रीसमध्ये; रविवारी तेच हात दोनदा साबणाने धुऊन कॅमेऱ्याला लागायचे. एका स्टुडिओवाल्याकडून जुना घेतलेला, रोल भरायचा कॅमेरा. कॉलेजसाठी मी खारबावहून त्यांच्याकडे राहायला आले, तोवर सगळीकडे रंगीत फोटो झाले होते. काका मात्र कृष्णधवलच काढायचे, कारण ते घरी धुता यायचे. मोरीच्या खिडकीला गोणपाट, आत लाल दिवा, आणि लूमच्या भंगारातल्या दांड्या-स्प्रिंगा जोडून स्वतः बनवलेला, निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचा एन्लार्जर. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर कुणाचे तरी डोळे उमटायला लागले की ते मला कोपराने ढोसायचे. गल्लीतली लग्नं, बारशी, मुलखाला, आपल्या गावी निघालेले कामगार, सगळे त्यांनी टिपले. निगेटिव्ह बटर पेपरमध्ये गुंडाळून, वर नाव-गाव लिहून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. भांड्यांना जागा नाही आणि यांच्या डब्यांना कपाट, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

मी कॉलेजात असतानाच्या एका पावसाळ्यात नदीचं पाणी भरदुपारी गल्लीत शिरलं. काकूला आणि चुलतभावाला कारखान्याच्या माडीवर पोचवून काका डब्यांसाठी परत फिरले, मी मागोमाग. काकूच्या लुगड्यात डब्यांची दोन गाठोडी बांधली, एक त्यांच्या डोक्यावर, एक माझ्या. कॅमेरा त्यांनी गळ्यात अडकवला. निघालो तेव्हा पाणी कमरेला होतं, वळणावर छातीला लागलं. कॅमेरा पाण्यात गेलेला मी पाहिला आणि ओरडले, एक हात सोडा, कॅमेरा वर घ्या. ते थांबलेसुद्धा नाहीत.

“हात सोडला तं डबं जातील. कॅमेरा दुसरा भेटंल... डब्यांत मानसं हायत.”

दोन्ही हात वर, मान ताठ, असे ते माडीच्या जिन्यापर्यंत चालत गेले. तो कॅमेरा पुन्हा कधी चालला नाही.

पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल निघाला आणि चिखलातून अल्बम. पानं एकमेकांना चिकटून त्यांची ढेकळं झालेली. समोरच्या शमीमचाची एक फ्रेम घेऊन आल्या. त्यांचा नवरा लूमवर कामाला होता, तो वारून तीन वर्षं झाली होती. फ्रेममध्ये त्याच्या फोटोच्या जागी नुसता डाग उरला होता. चाचींनी काही मागितलं नाही, फक्त दाखवली. काकांनी आठ दिवस एन्लार्जरचा गंज खरवडला, नवा बल्ब बसवला आणि डब्यातून त्याची निगेटिव्ह काढली. त्याचा फोटो काढला त्या दिवशी काकांनी दोन घेतले होते. घरच्यांनी गंभीर चेहऱ्याचा निवडला होता, दुसरा कधी छापलाच नव्हता. काकांनी दोन्ही नेऊन दिले. चाची दुसराच धरून उभ्या राहिल्या.

“ये तो हँस रहे हैं...”

काका घरी आले आणि मोरीत जाऊन बराच वेळ नुसतेच ट्रे धूत बसले.

मग दिवाळीपर्यंत आमच्या दारात लोक येत राहिले. काका ड्युटीवरून आले की डबे उघडायचे, मी नावं वाचायची. कुणाचा बाप, कुणाची लग्नातली बायको, कुणाची सासरी गेलेली लेक. काकू डब्यांच्या जागेवरून बोलायची थांबली. उलट स्वतः डबे पुसायला लागली. पुढे चुलतभावाने डिजिटल कॅमेरा आणला. काकांनी तो उलटापालटा करून विचारलं, “याची निगेटिव्ह कुटं र्‍हाते?”

परवा दिवसकार्य आटोपल्यावर मी गल्लीत सगळ्यांना भेटून आले. पुरानंतर प्रत्येक घरी फोटो देताना काका स्वतः खिळा-हातोडी घेऊन जायचे आणि भिंतीवर उमटलेल्या पुराच्या पाण्याच्या रेषेच्या हातभर वर खिळा ठोकायचे. भिंतींना कितीदा रंग लागले, रेषा दिसत नाही, पण फोटो कुणी खाली घेतलेले नाहीत. नवीन भाडेकरू विचारतात म्हणे, इतके वर का? चाचींनी चहा ठेवला, आणि मी त्यांच्या हसणाऱ्या नवऱ्याकडे मान वर करून बघत राहिले.