घर-घर नाही, मोजणी-मोजणी

आमच्या गावात घर बांधणं कधीच बंद झालं. खदान वाढत वाढत वावरांपर्यंत आली, मोजणीवाले आले, घराघराच्या भिंतीवर रंगानं आकडा टाकून गेले. गाव उठणार म्हणाले. वर्षं झाली, ते अजून उठूनच राह्यलं आहे. नवीन बांधलेलं मोजणीत धरत नाहीत, त्याचा मोबदला मिळत नाही, म्हणून कोणी नवीन काही बांधत नाही. माझी नात यंदा पहिलीत गेली. तिच्या जन्मापासून गावात भिंतीसाठी माती तुडवलेली तिनं पाहिली नाही. घर पडताना मात्र पाहिलं आहे.

हे माझ्या ध्यानात आलं ते तिच्या खेळावरून. सुट्टीत ती अन् शेजारची दोन पोरं आंगणात बसायची. सामान आमच्या लहानपणचंच, तुराट्या, छपराच्या फुटक्या कवेलूचे तुकडे, माचिसच्या डब्या, मोहाच्या बिया. मले बरं वाटलं, मोबाईल तरी सुटला. आम्ही घर-घर खेळायचो तेव्हा सारवून, चूल मांडून, खोटा खोटा भात शिजवून पाहुण्याले वाढेपर्यंत दिवस जायचा. ही पोरं कवेलूचे तुकडे उभे करत अन् लगेच दोरी काढत. एक पोरगा साहेब, दुसरा दोरी धरणारा, माझी नात घरवाली.

"इथी कोन राह्यते?"

"आमी राह्यतो न."

"लेकरं किती?"

"लय हायेत."

"कालपर्यंत तर दोनच होते, बाई."

"तुमी येयाले वेळ लावला न साहेब."

मी हसून हसून डोळे पुसले. मग साहेबानं कोळशानं आकडा टाकला, तिघांनी लाथा घालून घर पाडलं अन् खेळ संपला.

मी विचारलं, "मंग घरात राह्यत नाई का कोनी?"

नात म्हणाली, "राहाचं काय, आजी? मोजलं न."

सांगते, तिथं माझं हसू गेलं. इथून निघायच्या आधी या पोरीनं एक घर तरी हातानं उभं करावं, एवढंच मनात धरलं. गुडघ्याएवढं का असेना.

नाल्याची माती आणली, त्यात धानाचं तणस तुडवून मुरत ठेवली. सून म्हणाली, "बाई, हे बी धरनार नाईत बरं मोजनीत."

"तुले कोन राहाले बोलावते त्यात," मी म्हटलं.

आमच्यात घराची पहिली मेढ, म्हणजे खांब, रोवताना खड्ड्यात हळदीचे तांदूळ टाकतात, अन् घरातलं सगळ्यात लहान लेकरू मेढ धरून उभं राहते, माती ठोकून होईपर्यंत. म्हणजे मग ते घर त्याले ओळखते म्हणतात. नातीले मेढ धरायले लावली. ती दर घडीले विचारे, "झालं का?" तुराट्यांचा कुड विणला, दोघींनी लिंपला, वर कवेलूचे तुकडे. माचिसच्या डबीचं दार केलं तेव्हा मात्र ती खुलली. दिवसभर उघडून राह्यली, लावून राह्यली. आत कोण राहते विचारलं तर म्हणाली, "मी." एवढा एक शब्द ऐकून मी त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खदानीत सुरुंगाचा बार उडाला. भांडी वाजली, जमीन हलली, अन् आमच्या त्या गुडघ्याएवढ्या घराच्या कोपऱ्याचा लेप गळून पडला. टोपल्यात ओली माती होतीच. मी म्हटलं, "चाल, दोघी मिळून लिंपू. मातीच्या घराले असं होतच राह्यते, आपण लावतच राहाचं."

तिनं मातीले हात नाही लावला. एक काडी आणली अन् पडक्या कोपऱ्याले तिरपी टेकवली, तिच्या बापानं आमच्या मागच्या भिंतीले लाकडाची बल्ली टेकवून ठेवली आहे तशी. चिप्सचं रिकामं पाकीट फाडून छपरावर पसरलं, त्यावर गोटे ठेवले. मग मागं सरून पाहत राहिली अन् खुशीनं म्हणाली, "आता झालं, आजी. आता बराबर घरावानी दिसते."

लिंपायची माती माझ्या हातावर तशीच वाळली. तिकडून पोरांनी हाक मारली, तशी ती दोरी घेऊन पळाली.