मेहुणीचं एकमेव खोटं

रक्त दिसलं की ज्यांचा चेहरा खुलतो असे जीव माझ्या पाहण्यात दोनच. एक ढेकूण आणि दुसरी माझी धाकटी मेहुणी. पैकी ढेकणाचा चेहरा मी कधी नीट पाहिलेला नाही, म्हणून खात्रीनं सांगतो ते मेहुणीपुरतंच. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ती बायकांच्या हार्मोन्सवर आणि न गोठणाऱ्या रक्तावर संशोधन करते. नमुने गोळा करायला सांगलीच्या इस्पितळात यायची, तेव्हा वाटेत साताऱ्याला आमच्याकडे तिचा मुक्काम असे. आमच्या आळीत फ्रीज एकच, तो समोरच्या वकिलांचा. त्यात तिनं एकदा कोणा बाईची अख्ख्या दिवसाची लघवी बाटलीत भरून ठेवली आणि उन्हातून आलेल्या वकिलांनी लिंबू सरबत समजून पेला भरला. बायकोनं वेळीच हात धरला म्हणून निभावलं. मेहुणी धावत गेली ती वकिलांसाठी नव्हे. "अहो, मोजून गोळा केलेली होती! आता त्या बाईला पुन्हा दिवसभर बसवू?" असं म्हणत तिनं पेला परत बाटलीत रिकामा केला.

लग्नाच्या पंगतीत वरमाईला "लहानपणी घोळणा फुटायचा का?" असं विचारणारी दुसरी बाई मला माहीत नाही. आणि खोटं म्हणून तिच्या तोंडून निघत नसे, गोड खोटंसुद्धा. बारशाला सगळ्या बायका बाळाचं नाक बापावर, डोळे आईवर वाटून मोकळ्या होत, ही वाकून बघून सांगायची, "अजून कोणासारखंच दिसत नाही." त्यामुळे तिला कुठं न्यायचं झालं की आमच्या घरात आधी चर्चा होई.

तरी कडेगावजवळ माझ्या चुलतबहिणीकडे, आक्काकडे, मीच तिला घेऊन गेलो. आक्काचा मुलगा फौजेत, पठाणकोटला. सून दर महिन्याला आठ-आठ दिवस अंथरूण धरायची. पोरगी कागदासारखी पांढरी पडलेली. सब्जा झाला, दूर्वांचा रस झाला. "लय उष्णता हाय तिच्यात," आक्का म्हणाली. "लेकराचं बी नाव न्हाई. म्हायेरी धाडते आन् पोराचं दुसरं बघते."

"तुमचा मुलगा वर्षातून घरी येतो किती?" मेहुणीनं विचारलं.

"येतो की म्हैनाभर."

"मग नातवंड काय टपालानं येणार?"

सून तेव्हा नेमकी मागच्या पडवीत बाजूला बसलेली होती. मेहुणी सरळ तिच्या घोंगडीवर जाऊन बसली. आक्का ओरडली, "आवं ताई, शिवू नगा!"

"शिवायलाच आलेय मी," म्हणत तिनं पोरीच्या कानाच्या पाळीला बारीक सुई टोचली आणि टिपकागदावर रक्त टिपत राहिली. रक्त थांबायला किती वेळ लागतो ते मोजायला घड्याळ माझ्या हातात. चहा आला, निवाला, तरी टिपणं चालूच. मग तिनं विचारलं, "औषध काय घेतेस?"

पोरीनं उशाखालून पत्र्याचा चांगला मोठा डबा काढला. "ह्यांनी आनल्यात. पोट दुकाया लागलं की दोन-दोन घ्याच्या, म्हनलं."

डोकेदुखीवरच्या अ‍ॅस्पिरिनच्या साध्या गोळ्या होत्या त्या. "हिचं रक्त मुळातच उशिरा गोठतं," मेहुणी म्हणाली. "या गोळ्या त्याला आणखी गोठू देत नाहीत. दुखलं की गोळी, गोळी की जास्त रक्त."

"मिल्ट्रीची गोळी हाय ती!" आक्का भडकली. "मोठमोठं साहेब खात्यात!"

पोरगी मात्र मेहुणीचा पदर धरून हळूच म्हणाली, "त्यास्नी सांगू नगा. लय आशेनं आनत्यात माज्यासाठी."

"चूक ती चूक. सांगायलाच हवं," मेहुणी म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी पोरीला सांगलीच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथं डब्यातल्या गोळ्या बंद करून हार्मोनच्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पोरीच्या गालांवर हळूहळू रंग आला. आक्कानं दुसऱ्या सुनेचा विषय परत काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भाचा रजेवर आला तेव्हा मी आणि मेहुणी परत गेलो. तो ओट्यावरच भेटला, मिशीला पीळ देत. "बगा ताई, आमच्या गोळ्यांनी गुन आला का न्हाई?"

आत चुलीपुढं भाकरी थापणारा पोरीचा हात थांबला. मी मेहुणीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात पायताणं शोधू लागलो.

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "आला ना. चांगलाच आला. पण आता कोर्स पुरा झाला. यापुढं एकही गोळी द्यायची नाही."

"व्हय जी, हुकूम!" त्यानं कडक सलाम ठोकला. आत भाकरीचा आवाज परत सुरू झाला.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "आज चक्क खोटं बोललीस."

"गोळ्या बंद झाल्या ना, दाजी? मग झालं."

बराच वेळ ती खिडकीतून बाहेरचा ऊस बघत राहिली. लग्न तिनं केलं नाही. का, ते आम्ही कधी विचारलं नाही, आणि आम्हाला सगळं विचारणारी ती, स्वतःविषयी कधी बोलली नाही. कराड जवळ आलं तेव्हा म्हणाली, "पठाणकोटहून गाडीत किती गर्दी असते, दाजी. तेवढा मोठा डबा मांडीवर घेऊन तो तिच्यासाठी..."

मी खिडकीची काच थोडी खाली ओढली, कारण धूळ फार येत होती आणि तिचे डोळे लाल दिसत होते.