सागर म्हणेल तेव्हाच चढायचं

सागर पोहोकारला मी पहिल्यांदा पाहिलं ते मोबाईलच्या काचेत, आणि पाहिल्या पाहिल्या मला त्याचा राग आला. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या तूरडाळीच्या गोदामाचा मी सव्वीस वर्षांचा जुना मॅनेजर. माझ्या हुकमाशिवाय इथं कट्टा, म्हणजे डाळीचं पोतं, हलत नाही, असा माझा समज. आणि आमच्या छतावर सोलर बसवायला आलेली पाच माणसं ऐन कामाच्या वेळी थांबून होती, कारण नांदगाव खंडेश्वरला घरी बसलेला कोणी सागर अजून 'चढा' म्हणाला नव्हता.

त्यातली चार निदान उभी तरी होती. पाचवा, म्हणजे त्यांचा मुखिया किशोर, गोदामात डाळीच्या कट्ट्यांवर चक्क उताणा पडला होता.

"काय रे, झोपा काढाले आला का अकोल्यात?" मी विचारलं.

"छत पाहून राहिलो, साहेब." छताकडे रोखलेला मोबाईल त्यानं माझ्याकडे वळवला. "हा सागर. माहा मावसभाऊ."

काचेत पस्तिशीतला गोल चेहरा, जाड मिशी, मागं भिंतीला टेकवलेली कुबडी. "रामराम साहेब. नाष्टा झाला का?"

साडेअकराला नाष्ट्याची चौकशी करणाऱ्या माणसावर धड रागावताही येत नाही. मी नुसतं हूं केलं.

मग चहावर किशोरनं सगळं सांगितलं. गोदामात दिवसा उजेड यावा म्हणून टिनाच्या पत्र्यांमध्ये अधूनमधून फायबरचे पारदर्शक पत्रे टाकतात. टिन माणसाचं वजन पेलतं. फायबर आपल्याकडच्या उन्हानं चार-पाच वर्षांत पापड होऊन जातं. चार वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका गोदामावर सागरचा पाय अशाच पत्र्यावर पडला, आणि तो अठ्ठावीस फूट खाली सोयाबीनच्या कट्ट्यांवर आदळला. म्हणून वाचला. सोयाबीननं अलीकडे वऱ्हाडात कोणाचं भलं केलं असेल तर ते या एकट्याचं. खुब्यात सळई बसली, पाय वाकायचा थांबला, छत कायमचं सुटलं.

पण घरी बसून खाईल तर तो सागर कसला. त्यानं चौकटीची वही आणली. छताचा एक पत्रा म्हणजे एक चौकोन. किशोर गोदामात उताणा पडून मोबाईलमध्ये एकेक ओळ दाखवतो, जिथून उजेड येतो तो चौकोन सागर लाल पेन्सिलीनं भरतो. नकाशा पुरा झाला की 'चढा' म्हणतो. त्याआधी कोणी शिडीला हात लावत नाही. त्रेपन्न छतं अशी झाली, कोणाचा गुडघाही फुटला नाही.

"घरात मीठ कुठी आहे ते मालूम नाई, पण दोन जिल्ह्याचे टिनं पाठ आहेत," फोनमधून बाईचा आवाज आला. ती माया, सागरची बायको. तिच्या आवाजात तक्रार कमी आणि मिरवणं जास्त होतं.

गंमत एवढीच नव्हती. त्या पाचांतले दोघं सागरच्याच गल्लीतले होते. त्याचा शब्द चुकला आणि कोणी खाली आलं, तर त्या दोघांच्या आया रोज त्याच्या दारावरून जाणार होत्या. हे किशोरनं मला सांगितलं. मी ऐकलं आणि घड्याळ पाहिलं. दोन दिवसांनी शेठ पाव्हण्यांना सोलर दाखवायला घेऊन येणार होते.

"साहेब, फायबर किती आहेत तुमच्याकडे?" सागरनं विचारलं. "मले तं एकही दिसून नाई राहिलं."

"एकही नाही," मी म्हणालो. "सव्वीस वर्षं झाले मले इथं. हातच्या कांकणाला आरसा कायले पाहिजे? म्हण आता चढा, भाऊ."

सागर सहज विचारल्यासारखं बोलला, "बाहेर ऊन किती आहे, साहेब?"

"चामडी सोलून राहिलं."

"मंग अंदर भरदिवसा लाईट काहून चालू आहेत?"

"अंधार असते म्हणून."

"कधीपासून असते अंधार?"

मागच्या एप्रिलात पारा सत्तेचाळीसला टेकला, तेव्हा गोदाम थंड राहावं म्हणून मीच छतावर पांढरा रंग मारून घेतला होता. उजेडाच्या पत्र्यांतून ऊन थेट कट्ट्यांवर यायचं, डाळीचा रंग उडायचा, म्हणून ते पत्रेही रंगवून टाका असं मीच पेंटरला बजावलं होतं. मी खोटं बोललो नव्हतो. उजेड बंद झाला आणि माझ्या डोक्यातून ते पत्रेच निघून गेले. वरून सगळं एकसारखं पांढरं, खालून सगळं एकसारखं काळं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मी सगळं सांगून टाकलं. सागर रागावला नाही. त्यानं हमालांना लांब बांबू घेऊन कट्ट्यांच्या थप्पीवर चढायला सांगितलं आणि खालून एकेक पत्रा ठोकून घेतला. टिन खणखणायचं, फायबर नुसतं भद्द करायचं. तो फोन कानाला लावून ऐकत होता आणि वही भरत होता. दिवस गेला. अकरा पत्रे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चढा."

किशोर कमरेला दोर बांधून पहिला चढला. शिडीच्या टोकाशी थांबून त्यानं मोबाईलमधला नकाशा पाहिला, पहिल्या पत्र्यावर आडवी फळी टाकली आणि लांब टांग टाकून पलीकडच्या पत्र्यावर उतरला.

"तो काहून सोडला?" मी खालून विचारलं.

"अकरातला एक हाच आहे, साहेब."

शिडी कुठं लावायची ते आदल्या दिवशी मीच दाखवलं होतं. मी तिथंच एका कट्ट्यावर बसलो.

दुपारी किशोरचा फोन मागून घेतला आणि बाजूला गेलो. "सागरभाऊ, चुकलं माहं."

"होते, साहेब. अमरावतीच्या मॅनेजरनंबी 'एकही नाही' असंच सांगतलं होतं."

"नालायक असन तो."

"नाई हो," सागर म्हणाला. "लय चांगला माणूस. दवाखान्यात तीन महिने डबा आणला त्यानं माह्यासाठी. तुमच्यावानीच होता."