भातेमास्तरांची दुसरी ओळ

वाजवणाऱ्या माणसांविषयी भातेमास्तरांचं मत फार वाईट होतं आणि चाळीस वर्षांत ते त्यांनी कोणापासून लपवून ठेवलं नव्हतं. त्यांचा धंदा अकॉर्डियन दुरुस्त करण्याचा. खांद्याला पट्टे अडकवून छातीवर घ्यायचं हे वाद्य. उजव्या हाताला पट्ट्या, डाव्या हाताला बटणं आणि मधे घड्याघड्यांचा भाता. भाता फाटला, पट्टी अडकली, एखादा सूर मुका झाला, की वाद्य त्यांच्या दुकानात यायचं आणि मालकाची अब्रू निघायची.

"वाजवतो कसा ते ऐकायला कशाला लागतंय," ते म्हणायचे. "आतून उघडलं की कळतं."

आतून काय काय निघायचं. केसातल्या पिना, बिस्किटाचा चुरा, एकदा तर दुधाचा दात. तो दात मास्तरांनी कागदाच्या पुडीत बांधून पोराच्या बापाच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे वरच्या मजल्यावर दाखवा. इथे वाद्यं दुरुस्त होतात." वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता.

दुरुस्ती झाली की दोन गोष्टी ठरलेल्या. भाता ज्या पिनांनी पेटीला धरून ठेवलेला असतो, त्यातल्या एका पिनेवर ते लाल लाखेचा ठिपका सोडत. हे त्यांचं सील. सील फुटलेलं दिसलं की गिऱ्हाईक कितीही जुनं असो, वाद्य होतं तसं परत. "तुम्ही उघडलंत ना, आता तुम्हीच मिटा." दुसरी गोष्ट म्हणजे वाद्य छातीवर घेऊन एका जुन्या गाण्याची पहिली ओळ वाजवायची. ती ओळ खालच्या सुरावरून निघून थेट वरपर्यंत चढत जाई, त्यामुळे एका ओळीत सगळ्या सुरांची हजेरी लागायची. आणि मास्तर ती अशी वाजवत, की गिऱ्हाईक हातातली किल्ली फिरवायचं थांबे. ओळ संपली की मास्तर भाता मिटत, पट्टे खांद्यावरून उतरवत आणि म्हणत, "हॅट्."

ते हॅट् वाद्याला नसे. एवढं शहाणं वाद्य आता पुन्हा या माणसाच्या हातात जाणार, त्याबद्दल असे.

दुकानामागे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर आणि तिथे त्यांची बायको. नवऱ्याची सगळी कारकीर्द तिने पडद्याआडून ऐकली होती. लेकीला सातवा महिना लागला, तेव्हा पुढचे सहा-आठ महिने लेकीकडे राहायचं तिने ठरवलं. रविवारच्या बसचं तिकीट आलं त्या दिवशी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला ते गाणं भरून द्या फोनमध्ये."

"कुठलं?"

"तुमचं ते. आख्खं द्या पण. चाळीस वर्षं पहिली ओळ ऐकतेय मी. दुसरी ओळ दर वेळी मीच मनात म्हणून टाकते, भांडी घासता घासता. आता तिकडे पहिलीपण कोण वाजवणार आहे?"

मास्तरांनी नाकातून श्वास सोडला. "एवढंच ना. उद्या देतो."

हातात दहा दिवस होते.

दुकान एक ते चार बंद असायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःचं जुनं अकॉर्डियन काढलं, फोन टेबलावर डब्याला टेकवून उभा केला, लाल बटण दाबलं आणि पहिली ओळ वाजवली. मग ऐकली. कोणीतरी लांब पत्र्याच्या शेडमध्ये वाजवत होतं. पट्ट्या खटखटत होत्या. भाता दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता.

"हॅट्," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पेटी उघडली.

पट्ट्यांखाली नवी लोकर चिकटवायला दोन दुपारी गेल्या. खटखट गेली, तर मागे फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. फ्रिज बंद केला, दूध नासलं, बायकोने ते पातेलं त्यांच्या समोर आणून ठेवलं. फ्रिज गेल्यावर एका स्क्रूची किणकिण उरली. पेटी पुन्हा उघडली गेली.

पाचव्या दिवशी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. मागच्या खोलीत एक संगणक आणि दोन स्पीकर ठेवून तो त्याला स्टुडिओ म्हणायचा आणि नाचाच्या क्लासांसाठी गाणी तयार करायचा. जो माणूस चहा पितानाही मान हलवतो, त्याला मास्तर संगीतातला माणूस मानत नसत.

"भाऊजी, तुमची खोली बोलतेय," मेहुणा चोहीकडे बघत म्हणाला.

"खोली तरी अकलेचं बोलतेय का?"

"तसं नाही. आवाज भिंतींवर आपटून परत येतोय. ती गादी उभी करा मागे. हा माइक घ्या, पण छातीशी नको, हातभर लांब. फार जवळ गेलात की इथे लाल होतं बघा, म्हणजे आवाज फाटला. आणि सगळं गाणं एकदम नका वाजवू. चार-चार मात्रा घ्या, पक्क्या करा, मग पुढचं."

"पोराटोरांना शिकवतोस तसं?"

"हो, तसंच," मेहुणा म्हणाला. त्याला टोमणा लागत नसे. हीच त्याच्याबद्दलची सगळ्यात संतापजनक गोष्ट होती.

मास्तरांनी माइक ठेवून घेतला आणि सल्ला त्याच्याबरोबर परत पाठवला. गादी मात्र भिंतीला लावली, तो गेल्यावर. आवाज खरंच जवळ आला, ओलसर झाला, लाकडाचा झाला. पण माइकने आणखी एक गोष्ट केली. फोनला जे ऐकू येत नव्हतं ते तो ऐकत होता. तिसऱ्या सप्तकातला एक सूर किंचित थरथरतो. एक झडप उशिरा बसते. मास्तर पेटी उघडत, झडप बसवत, मिटत, पहिली ओळ वाजवत, ऐकत, हॅट् म्हणत आणि पेटी उघडत. आठव्या दिवशी दुपारपर्यंत त्या वाद्यात दोष म्हणून उरला नव्हता, आणि गाणंही भरून झालं नव्हतं.

"यंत्रच भिकार आहे," त्यांनी जाहीर केलं. "हे फोन वगैरे बोलायला ठीक आहेत."

बायकोने लेकीला लावायला म्हणून तो भिकार फोन उचलला आणि चुकून रेकॉर्डिंगची यादी उघडली. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग चष्मा पुसून तिने पुन्हा बघितलं.

"अहो, त्रेसष्ट आहेत ही."

"असतील."

"वीस सेकंद. एकोणीस. बावीस. वीस." तिने एक लावलं. पहिली ओळ, मग हॅट्. दुसरं लावलं. पहिली ओळ, हॅट्. पाच-सहा ऐकून तिने फोन टेबलावर उपडा ठेवला. "तुम्हाला दुसरी ओळ येते का?"

"न यायला काय झालं?"

"वाजवा मग."

मास्तरांनी पट्टे खांद्यावर चढवले. पहिली ओळ निघाली, चढली, वर जाऊन उभी राहिली. आणि तिथे त्यांचा डावा अंगठा आपोआप हवेच्या बटणावर गेला, भाता मिटला आणि उजवा हात पट्टा उतरवायला खांद्याकडे निघाला. तो त्यांनी अर्ध्यावर पाहिला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अंगठा गेला. जणू तो हात कोणा गिऱ्हाइकाचा होता आणि चुकून त्यांच्याकडे राहिला होता.

"कुठेतरी गळतेय हवा," ते म्हणाले आणि पेचकस शोधू लागले.

"गळत काही नाहीये," बायको म्हणाली. "जगाला नावं ठेवलीत, आणि स्वतः चाळीस वर्षं पेटी तपासत बसलात. वाजवलंत कधी?" ती मोठ्याने बोलली नाही. पडदा सारून आत गेली आणि तिने डबे लावायला घेतले, एकेक, सावकाश.

वरच्या मजल्यावर तीन वाजता दवाखाना उघडला आणि दंतवैद्याची गिरमिट सुरू झाली. एरवी मास्तर तिचा सूर ओळखून दाखवत आणि त्या माणसालाही दोन शब्द ऐकवत. आज त्यांनी कप्प्यातून लाखेची कांडी काढली. मेणबत्ती पेटवली. स्वतःच्या अकॉर्डियनच्या पिनेवर लाल ठिपका सोडला आणि तो थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. स्वतःच्या वाद्याला त्यांनी कधी सील केलं नव्हतं. आता हे उघडलं, तर भातेमास्तरही त्याला हात लावणार नाहीत.

मग त्यांनी चार मात्रा वाजवल्या. पहिल्या ओळीच्या नाही, दुसऱ्या ओळीच्या. पोराटोरांसारख्या.

शुक्रवार त्यात गेला. दुकानावर 'बंद' अशी पाटी लावली, ती लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदा. पहिलं पूर्ण गाणं त्यांनी दुपारी दीडला भरलं आणि ऐकलं, आणि ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आजवर फक्त गिऱ्हाइकांनी पाहिलं होतं. कडवं सुरू झालं की लय पळत होती. डावा हात बटणांवर असा पडत होता, जसा कोणी दार ठोठावतंय. भाता शब्दाच्या ऐन मधे उलटत होता. एवढा धांदरट वाजवणारा दुकानात आला असता, तर मास्तरांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवला असता. हात दोनदा पेचकसाकडे गेला. दोनदा लाल ठिपका आडवा आला. वाद्य उत्तम होतं, ही सगळ्यात मोठी पंचाईत होती. दोष द्यायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

तेव्हा लय धरण्यासाठी त्यांनी पायाने ठेका धरला. तो ठेका माइकने भरून घेतला. चप्पल काढली, तर टाच ऐकू आली. शेवटी पाय उशीवर ठेवला. भाता कुठे उलटायचा ते कागदावर खुणा करून ठरवलं, आणि खुणा करताना आठवलं की एका संगीतशिक्षिकेच्या वाद्यात असाच खुणांचा कागद सापडला होता आणि त्यावरून त्यांनी तिचं चार माणसांत हसं केलं होतं. संध्याकाळी त्यांनी मेहुण्याला फोन केला.

"ते चार-चार मात्रांचं," ते म्हणाले. "जोड दिसतो मधे. न दिसायला काय करायचं?"

"जोड कशाला भाऊजी? भाग पक्के झाले की सोडून द्यायचे. भरायचं सलगच."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकत नव्हता."

"हॅट्," मास्तर म्हणाले, पण फोन ठेवल्यावर.

शनिवारी दुपारी एक ते तीन या वेळात त्यांनी अकरा वेळा गाणं भरायला घेतलं. एक मिनिट चाळीसला थांबले, दोन दहाला थांबले, एकदा अगदी शेवटच्या ओळीवर शिंक आली. बायकोची बॅग पडद्याजवळ भरून उभी होती. तीनला पाच कमी असताना त्यांनी बारावं सुरू केलं. पहिली ओळ गेली. अंगठा हलला आणि जागेवर राहिला. दुसरी आली. पहिलं कडवं थोडं घाईत गेलं, दुसरं बऱ्यापैकी माणसासारखं. तिसऱ्या कडव्यात मधल्या एका सुराची पाती, जिच्या थरथरण्याने तो सूर निघतो ती, मेणातून सुटली. खरोखर सुटली, तो सूर आला की आत माशी अडकल्यासारखी भुरभुर व्हायची. चाळीस वर्षांचा सगळा राग त्या एका सुरावर धावून आला. आणि तो सूर त्या कडव्यात सात वेळा होता. मास्तर सातही वेळा त्याच्यावरून गेले. वर गिरमिट सुरू झाली, दोन मिनिटं लवकर. शेवटची ओळ तिच्याखालून गेली आणि संपली.

बायकोने ते रविवारी सकाळी ऐकलं, बस निघायच्या आधी, कानात इअरफोनची बोंडं घालून, बॅगेवर बसून. मेहुणा तिला सोडायला आला होता. मास्तर लाखेची कांडी उगाच कापडाने पुसत होते. भुरभुर कितव्या सेकंदाला येते ते त्यांना पाठ होतं, आणि त्या सेकंदाला तिची भुवई हललीच.

"तिसऱ्या कडव्यात काहीतरी वाजतंय," ती म्हणाली.

"पाती सुटलीय."

"मग नीट करून पुन्हा नाही भरलंत?"

"सील आहे त्याला."

ती पुढे ऐकत राहिली. तिचे ओठ हलत होते. भांडी घासताना हलत असतील तसेच, पण या वेळी ती कुणाच्या तरी मागून जात होती. गाणं संपलं तरी तिने बोंडं काढली नाहीत. मग तिच्या नाकातून एक श्वास सुटला, अगदी मास्तरांसारखा.

मेहुण्याने एक बोंड मागून घेतलं आणि शेवटचा भाग ऐकला. "ताई, शेवटी भाऊजींचं ते हॅट् आलंय. बंद करायच्या आधी बोललेत. आण फोन, मी गाडीत बसल्या बसल्या कापून देतो, ती गिरमिटपण कमी करतो."

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "तेवढंच एक मनापासून वाजवलंय त्यांनी."