न्यूट्रलमधला ताप

“संपत, हिला ताप आलाय,” वाघमारे सिस्टर म्हणाल्या.

औंढ्याच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो होतो. माझा ग्लास अर्धाच झाला होता. आमच्या टोइंग व्हॅनच्या मागं सिस्टरची पांढरी अँबेसिडर टोचनला होती. तिचं दार उघडून सिस्टर आत वाकल्या होत्या. मॅट बाजूला सारून त्यांनी खालच्या पत्र्यावर उलटा हात ठेवला होता, लेकराच्या कपाळाला लावतात तसा.

“उन्हानं तापली असंल, सिस्टर.”

“जानेवारीत, सकाळी नऊला? आधी टपाला हात लाव. मग इथं लाव.”

टप गारठलेला. पुढच्या दोन सीटच्या मधला उंचवटा मात्र असा तापलेला, की हात ठेववेना. त्या उंचवट्याच्या बरोबर खाली गिअरबॉक्स असतो.

सिस्टर म्हणजे कुरुंद्याच्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात केली. ही गाडी त्यांनी लिलावात घेतली आणि स्वतः शिकून स्वतःच चालवली. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी बाळंतिणी याच गाडीतून दवाखान्यात गेल्या. मग गुडघे दुखायला लागले, गाडी शेडमध्ये गेली आणि आठ वर्षांत इंजिन जाम झालं. आता गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि सिस्टरनी हट्ट धरला होता. सकाळी निघतानाच त्यांनी मला सांगून टाकलं, “माझं लायसन पुढच्या वर्षी संपतं. डोळ्याचा डॉक्टर परत सही करणार न्हाई, ते मला ठाव हाय. त्याच्या आत मला ही एकदा चालवायची हाय. मागं बसून न्हाई, चालवायची.”

अकोल्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत, अब्दुलभाई. ही गाडी हाताळणारे आता तेवढेच उरलेत. त्यांनी फोनवर बजावलं होतं की इंजिन कसंही असू दे, मी उभं करतो, पण गिअरबॉक्स सांभाळून आणा, त्याचे पार्ट मला कुठंच मिळत नाहीत. आणि मी तोच गिअरबॉक्स तासभर भाजत आणला होता.

आता माझी चूक सांगतो. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांना इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. म्हणून आम्ही पुढून उचलतो. मागची चाकं मोकळी असतात, बिनधास्त पळतात. वीस वर्षं रोज तेच केलं, त्यामुळं कुरुंद्यातही माझे हात सवयीनं पुढच्या बंपरकडेच गेले. पण अँबेसिडरला ताकद मागच्या चाकांना. गिअरबॉक्सपासून मागपर्यंत एक लांब लोखंडी दांडा असतो, त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. मागची चाकं रस्त्यावर फिरली की तो फिरतो, आणि तो फिरला की गिअरबॉक्सही आतून फिरतो.

तुम्ही म्हणाल, गाडी न्यूट्रलला टाकायची ना! टाकली होती की. तिथंच तर फसलो. गिअरबॉक्समध्ये ऑइल तळाला असतं. इंजिन चालू असलं की खालची चक्रं ते ऑइल वर उडवतात. इंजिन बंद असलं की खालची चक्रं गप्प राहतात आणि गिअरबॉक्समधला वरचा दांडा मागच्या चाकांच्या जोरावर कोरडाच गरगरत राहतो. मग बेरिंग जळतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नवीन नवीन कामाला लागलो तेव्हा पहिलं हेच शिकलो होतो. विसरलो, दुसरं काय! स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

व्हॅनच्या मालकाला, आमच्या शेठला फोन लावला.

“शेठ, मागून उचलली तर पुढची चाकं वाकडी वळतात. प्रॉपेलर सोडावा लागतो. दीड-दोन तास जातील.”

“काहून? एवढी आली ना? तशीच हळूहळू ने की.”

“गिअरबॉक्स तापलाय. गाडी पूर्ण चढते ती आपली सपाट गाडी पाठवता का?”

“ती नांदेडात अडकून राहिली. तू नीघ. बाईला काय कळतंय?”

“बाईलाच कळलं, शेठ. मला न्हाई कळलं.”

“सोड बाबा, सोड,” शेठ म्हणाला.

दुसरा फोन अब्दुलभाईंना. हा जास्त अवघड होता. सांगितलं, की इतके किलोमीटर चुकीची ओढली.

“न्यूट्रल में थी?”

“हो भाई.”

“फिर तो और बुरा हुआ,” ते म्हणाले आणि सुस्कारा टाकला. “ठंडी होने दो. शाफ्ट पीछे से खोलो, ऊपर बाँधो. बाकी यहाँ देखेंगे.”

सिस्टर शेजारी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मी मान खाली घालून म्हणालो, “चूक माझी हाय, सिस्टर.”

“ते कळलं. वाचंल का?”

“सांगता येत न्हाई.”

त्यांनी परत आत वाकून त्या पत्र्यावर हात ठेवला. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

गाडी खाली उतरवली, चाकांना दगड लावले. गिअरबॉक्स निवल्यावर खाली शिरलो. शाफ्टच्या मागच्या टोकाला चार बोल्ट असतात. आठ वर्षांचा गंज! पाना सटकून बोटाची साल निघाली. सिस्टरनी पर्समधून चिकटपट्टीचा गुंडाळा काढला. पहिली पट्टी माझ्या बोटाला लावली. दुसरी दिली शाफ्टच्या जोडावर खूण करायला.

“जसं सोडलं तसंच बसलं पायजे. व्हय ना?”

“व्हय,” मी म्हणालो. शाफ्ट आधी होता तसाच बसवला नाही तर गाडी थरथरते. हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

बोल्ट सुटल्यावर शाफ्ट हातानं फिरवून पाहिला. खरखर नव्हती. जीवात थोडा जीव आला. शाफ्ट वर बांधला, गाडी परत उचलली. आता चाकं फिरली तरी गिअरबॉक्स निवांत. तरी हिंगोलीला एकदा, कनेरगावला एकदा, वाशीमला एकदा मी उतरून पत्र्याला हात लावला. गार! दर वेळी सिस्टर व्हॅनच्या काचेतून नुसती भुवई उचलायच्या आणि मी मान डोलवायचो.

चार दिवसांनी अब्दुलभाईंचा फोन आला. “गर्मी से एक बेरिंग नीला पड़ा है. मगर ज़िंदा है. बच गए, मियाँ.” मी आमच्या वर्कशॉपमध्ये फतकल मारून खालीच बसलो. शेठनं विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कुणी न्हाई गेलं, शेठ. चहा सांगा.

उन्हाळ्याच्या तोंडावर सिस्टर स्वतः गाडी चालवत आमच्या दारात आल्या. मला शेजारी बसवलं आणि जवळच्या नरसी गावापर्यंत नेऊन आणलं. दुसऱ्या गिअरला त्यांनी कर्रर्र केलं, मी खिडकीबाहेरची शेतं बघत राहिलो. एका वळणावर त्या खदखदून हसल्या आणि म्हणाल्या, “बघ, चालवून राहिले!” माझेच डोळे भरून आले.

तेव्हापासून कुठलीही गाडी उचलण्याआधी मी रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली शाफ्ट आहे का ते बघतो. कपडे मळतात, लोक हसतात, शेठ घड्याळ दाखवतो. पाच मिनिटं जातात. जाऊ द्यावीत.